गाईंचे कायदे, लामाची वाट

अल्पाका हा शब्द आपल्याकडे जनावराच्या आधी कापड होऊन आला. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या वकिलाच्या नाही तर हेडक्लार्कच्या अंगात अल्पाकाचा कोट असायचा. १८३६ च्या सुमारास टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीवाल्याने या लोकरीचे कापड विणण्याची युक्ती साधली आणि ब्रॅडफर्डचे अल्पाका जगभर गेले. हा कोट ज्याच्या अंगावरून उतरला ते जनावर दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात चरते, उंटाच्या गोत्रातले आहे आणि रागावले की थुंकते, हे कोट घालणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. लामा हा त्याचा थोरला भाऊ. तो अंगाने दुप्पट आणि ओझे वाहणारा. त्याचे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर तिबेटी साधू उभा राहतो, याला त्या बिचाऱ्याचा इलाज नाही.

आज ही दोन्ही जनावरे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाळली जातात. लोकरीसाठी, डोंगरवाटांवर सामान वाहण्यासाठी, मेंढ्यांच्या कळपाची राखण करण्यासाठी, प्रदर्शनांसाठी, आणि पुष्कळदा निव्वळ हौसेसाठी. लामा गाडीत पाय दुमडून उंटासारखा बसतो, त्यामुळे घरच्या व्हॅनमध्ये मागच्या बाकाच्या जागी त्याला बसवून शेकडो मैल नेणारे मालक तिकडे आहेत. पण राज्याची सीमा ओलांडायची तर जनावरासोबत कागद हवा. पशुवैद्याने तपासून दिलेले आरोग्य प्रमाणपत्र, बहुधा गेल्या तीस दिवसांतले. जनावराची ओळख पटवणारा बिल्ला किंवा कातडीखालची चिप. काही राज्यांत आधी मागून घेतलेला प्रवेश परवाना. काही राज्यांत क्षयाची किंवा ब्रुसेलोसिसची, म्हणजे आपले शेतकरी ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात त्या रोगाची, चाचणी. एका राज्यात जे चालते ते शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. या कागदातल्या प्रत्येक रकान्यामागे इतिहास आहे, आणि तो इतिहास जवळजवळ सगळा गाईबैलांचा आहे. लामाच्या वाट्याला तो कसा आला, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात मात्र लामापासूनच करायला हवी, कारण जनावरांच्या साथीवरचा एक जुना नियम खास त्याच्यासाठी होता. उंटकुळाचा उगम उत्तर अमेरिकेतला. चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हे कूळ तिथे जन्मले. त्याची एक शाखा आशियात जाऊन आपल्या ओळखीचा उंट झाली, दुसरी सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरली. मूळ भूमीत मात्र हे कूळ शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले. दक्षिणेत गेलेल्या शाखेला माणसाने माणसाळवले आणि इंका साम्राज्य लामाच्या पाठीवर उभे राहिले. या जनावरांना खरूज होई, तिला तिथे ‘काराचा’ म्हणत. स्पॅनिश पाद्री होसे दे आकोस्ता याने १५९० च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, खरूज झालेले जनावर बरे करत बसायचे नाही, लगेच पुरून टाकायचे, अशी तिथली जुनी रीत होती. एकदोन लामा हीच ज्याची दौलत त्या माणसावर हा घाला केवढा, हेही तो नमूद करतो. पुढे १५४४-४५ मध्ये, स्पॅनिश राजवट येऊन दशक-दीड दशक झाले असताना, खरजेची भयंकर साथ आली. दोन तृतीयांश जनावरे मेली, असे इंका मातेचा मुलगा असलेला गार्सिलासो दे ला व्हेगा सांगतो. त्याचा आकडा मोजणीचा नसून आठवणीचा आहे. पण जुनी व्यवस्था मोडल्यावर जुना नियम अमलात आणणारेही उरले नव्हते, एवढे त्यावरून समजावे.

आता उत्तरेकडे वळू. १८४३ साली ब्रुकलिनच्या एका गवळ्याने बंदरात लागलेल्या जहाजावरची गाय विकत घेतली. त्या काळी प्रवाशांना दूध मिळावे म्हणून जहाजावर गाय ठेवत. ही गाय आपल्यासोबत सांसर्गिक फुप्फुसदाह घेऊन आली आणि तो रोग पूर्व किनाऱ्यावरच्या गोठ्यांतून चाळीस-पन्नास वर्षे हिंडत राहिला. दुसरे संकट दक्षिणेकडून आले. टेक्सासचे लांब शिंगांचे बैल कळपाने उत्तरेच्या बाजारांकडे हाकत नेले जात. ते स्वतः धडधाकट असत. पण ज्या वाटेने जात त्या वाटेवरच्या स्थानिक गाई महिना-दीड महिन्याने तापाने फणफणत, लघवी लाल होई आणि मरत. मिसूरी आणि कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन रस्त्यात उभे राहू लागले. १८६८ मध्ये हे बैल मिसिसिपी नदीतून बोटींनी आणि पुढे रेल्वेने इलिनॉय आणि इंडियानात पोहोचले, तेव्हा तिथे हजारो गाई मेल्या.

निरोगी बैल रोग कसा देईल, हा प्रश्न तज्ज्ञांना सुटत नव्हता. शेतकरी मात्र गोचिडीकडे बोट दाखवत होते आणि तज्ज्ञ त्यांना हसत होते. मिसूरीने तज्ज्ञांची वाट पाहिली नाही. १ मार्च ते १ नोव्हेंबर या काळात टेक्सासचे, मेक्सिकोचे किंवा इंडियन मुलखातले एकही गुरू राज्यात आणायचे नाही, असा कायदा तिथे झाला. हुसेन नावाच्या एका शेतकऱ्याने याच कायद्याच्या आधारे हॅनिबल अँड सेंट जोसेफ रेल्वेवर दावा लावला आणि तो राज्याच्या न्यायालयात जिंकला. (नाव वाचून आपण चकतो, तो मिसूरीचाच शेतकरी.) रेल्वे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे हा कायदाच रद्द झाला. राज्याराज्यांमधला व्यापार नियमात बांधण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिला आहे. रोगी जनावर अडवण्याचा अधिकार राज्याला जरूर आहे, पण रोगी-निरोगी असा भेद न करता सरसकट सगळी गुरे अडवणे म्हणजे स्वसंरक्षणाच्या नावाखाली व्यापाराची नाकेबंदी, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

कायद्याच्या तर्कात हा निकाल चोख आहे. निसर्गाच्या तर्कात तो नेमका उलटा पडला. टेक्सासच्या तापात निरोगी दिसणारे जनावरच धोक्याचे होते. वासरू असताना त्याला हा रोग हलका होऊन जाई, मग ते जन्मभर रक्तात जंतू बाळगी आणि अंगावरच्या गोचिडी वाटेत टाकत जाई. मार्च ते नोव्हेंबर ही मिसूरीची मुदतही अडाणीपणाची नव्हती. उत्तरेच्या हिवाळ्यात गोचीड जगत नाही. अडाणी कायदा बरोबर होता आणि शहाणा निकाल चुकीचा, असे इतिहासात क्वचित इतक्या स्वच्छपणे दिसते.

दरम्यान ब्रिटनने १८७९ मध्ये अमेरिकेची गुरे बंदरावरच कापण्याचा हुकूम काढला आणि फुप्फुसदाहाचा प्रश्न गोठ्यातून थेट तिजोरीत पोहोचला. २९ मे १८८४ रोजी अमेरिकी काँग्रेसने ‘ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री’ हे खाते स्थापले. त्याचा पहिला प्रमुख डॅनियल साल्मन. ज्या जीवाणूंच्या कुळाला त्याच्या नावावरून साल्मोनेला म्हणतात, ते शोधण्याचे खरे काम त्याचा तरुण सहकारी थिओबाल्ड स्मिथ याचे होते. साहेबाचे नाव लागण्याची पद्धत आपल्याच कचेऱ्यांपुरती नाही. याच स्मिथने फ्रेड किलबोर्न आणि कूपर कर्टिस यांच्या साथीने गोचिडीचा छडा लावला. दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरची एकेक गोचीड हाताने वेचून ती उत्तरेच्या गाईंबरोबर ठेवली, तर कोणी आजारी पडेना. उलट दक्षिणेचे एकही गुरू न आणता कुरणात नुसत्या गोचिडी सोडल्या, तर गाई आजारी पडल्या. १८९३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कीटकवर्गातला किंवा त्याच्या नात्यातला प्राणी एका सस्तन प्राण्याचा रोग दुसऱ्याला देतो, याचा हा पहिला नेटका पुरावा. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला तो यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. आपल्या गावचे गुराखी ज्याला गोचीडताप म्हणतात त्याच घराण्यातला हा टेक्सासचा ताप.

फुप्फुसदाह १८९२ मध्ये अमेरिकेतून हद्दपार झाला. त्याचे साधन जुनेच होते: रोगी कळप मारणे आणि नुकसानभरपाई देणे. गोचिडीची मोहीम १९०६ मध्ये सुरू झाली. दक्षिणेतल्या प्रत्येक शेतकऱ्याने ठरावीक दिवसांनी आपली गुरे आर्सेनिकच्या द्रावणाच्या हौदातून पोहत न्यायची. चारदोन गाई असणाऱ्या गरिबाला हा त्रास बड्या मळेवाल्यांच्या सोयीसाठी वाटे. ठिकठिकाणी लोकांनी ते हौद सुरुंगाने उडवून दिले. फ्लोरिडात गोचीड हरणांच्या अंगावर लपते म्हणून हजारो हरणे मारण्यात आली. १९४३ मध्ये मोहीम संपल्याचे जाहीर झाले, तरी मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांदे नदीकाठी विलगीकरणाचा एक पट्टा अजून कायम आहे आणि सरकारी घोडेस्वार तिथे भटकी गुरे शोधत आजही फिरतात.

प्रमाणपत्राची गोष्ट याच काळातली. कोलोरॅडो राज्याने नियम केला की, ३६ व्या अक्षांशाच्या दक्षिणेकडून १ एप्रिल ते १ नोव्हेंबर या काळात येणाऱ्या गुराघोड्यांनी एक तर त्या रेषेच्या उत्तरेला नव्वद दिवस थांबावे, नाही तर राज्याच्या पशुवैद्यक मंडळाकडून निरोगी असल्याचा दाखला घ्यावा. रीड नावाच्या माणसाने तो मानला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०२ मध्ये न्यायालयाने कोलोरॅडोचा नियम उचलून धरला. मिसूरीने सरसकट दार बंद केले होते. कोलोरॅडोने दारात तपासनीस बसवला. केंद्राचा १८८४ चा कायदा असतानाही राज्याला स्वतःचा दाखला मागता येतो, हे इथे ठरले. आज अल्पाकाच्या मालकाला राज्यागणिक वेगळा नियम सापडतो त्याचे कायदेशीर मूळ मला या निकालात दिसते.

क्षयाचा रकाना १९१७ चा. गाईचा क्षय दुधातून लहान मुलांना होत असे. तेव्हा केंद्र आणि राज्ये यांनी मिळून गुरांची चाचणी सुरू केली. ट्युबरक्युलिन टोचायचे, तीन दिवसांनी सूज बघायची, सूज आली तर गाय कत्तलखान्यात. आयोवा राज्यात १९३१ मध्ये याचा भडका उडाला. मंदी होती, मक्याला भाव नव्हता, मिळणारी भरपाई गाईच्या किमतीला पुरी पडत नव्हती आणि चाचणीने गाभण गाई गाभडतात अशी समजूत होती. सीडर परगण्यातल्या टिप्टन गावाजवळ शेकडो शेतकऱ्यांनी पशुवैद्यांना गोठ्यात शिरू दिले नाही. गव्हर्नर डॅन टर्नर यांनी सुमारे दोन हजार नॅशनल गार्ड पाठवले आणि संगिनींच्या पहाऱ्यात गाईंना सुया टोचल्या गेल्या. आयोवातले लोक याला ‘गाईंचे युद्ध’ म्हणतात. नऊ वर्षांनी, १९४० मध्ये, देशातल्या प्रत्येक परगण्यातल्या गुरांतला क्षय अर्ध्या टक्क्याच्या खाली आला. सरकार बरोबर होते. पण ज्याच्या गोठ्यातून दुभती गाय गेली त्याच्या हिशेबात हे ‘बरोबर’ कुठल्या बाजूला मांडायचे, हा प्रश्न आकोस्ताने पेरूत पाहिला होता तोच आहे.

या सगळ्यात लामा कुठे आहे? कुठेच नाही. त्या काळी अमेरिकेत तो प्राणिसंग्रहालयात दिसे, किंवा वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या कॅलिफोर्नियातल्या खासगी रानात. आणि १९३० मध्ये त्याचा रस्ताच बंद झाला. जकातीच्या इतिहासात बदनाम झालेल्या स्मूट-हॉली कायद्यात एक कलम होते: ज्या देशात लाळ्या-खुरकूत आहे तिथून रवंथ करणारे पाळीव जनावर आणायचे नाही. आता लामा रवंथ करतो, पण प्राणिशास्त्राच्या वर्गवारीत तो ‘रवंथी’ गटात बसत नाही. त्याच्या पोटाला गाईसारखे चार कप्पे नसतात, तीनच असतात. कायद्याला कप्प्यांशी कर्तव्य नव्हते. आयातीच्या अमेरिकी नियमांत रवंथ करणाऱ्या जनावरांची जी व्याख्या आहे, तीत गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, हरणे यांच्यापाठोपाठ उंट, लामा आणि जिराफ अशी नावे येतात. लामा कायद्याने गाईच्या पंगतीत बसला तो असा. लाळ्या-खुरकूत त्याला गाईइतक्या सहज लागत नाही आणि गाईसारखा तो महिनोन्‌महिने विषाणू बाळगून राहत नाही, हे प्रयोगांनी पुढे दाखवले. तोवर अर्धे शतक उलटले होते.

चिली देश लाळ्या-खुरकुतापासून मुक्त ठरला आणि १९८० च्या दशकात, मुख्यतः १९८४ पासून, अल्पाकांचे कळप अमेरिकेत उतरू लागले. मग एक विलक्षण बाजार उभा राहिला. एकेका मादीला वीस-वीस हजार डॉलर आणि त्याहून जास्त किंमत येऊ लागली. निवृत्तीची पुंजी घालून शहरी जोडपी अल्पाका पाळू लागली. १९८८ मध्ये वंशावळीची नोंदवही सुरू झाली आणि १९९८ मध्ये पैदासदारांनी ती बाहेरून आणलेल्या जनावरांना बंद केली. कारण रोगाचे नव्हते. पुरवठा वाढला तर भाव पडेल, ही भीती होती. भाव २००८ च्या मंदीनंतर पडलाच.

एवढी महाग जनावरे राज्याराज्यांतून फिरू लागल्यावर त्यांना कागद लागणारच. नवा कागद कोण बनवणार? गाईचा तयार होता. गाईची क्षयाची सुई शेपटीच्या मुळाशी टोचतात. अल्पाकाला ती पुढच्या पायामागे, काखेतल्या उघड्या कातडीत टोचावी लागते. एवढा बदल करून रकाना तसाच ठेवला. अमेरिकेतल्या लामा-अल्पाकांत क्षय आणि ब्रुसेलोसिस क्वचितच आढळतात. त्वचेवरची ही चाचणीही त्यांच्यात गाईइतकी भरवशाची नाही. इंग्लंडमध्ये क्षयाच्या चाचण्यांची कटू प्रचीती आली. जेरोनिमो नावाचा न्यूझीलंडहून आणलेला अल्पाका दोन चाचण्यांत क्षयग्रस्त ठरला, चार वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी पोलीस बंदोबस्तात त्याला नेऊन मारण्यात आले. शवविच्छेदनानंतरच्या तपासण्यांतही जंतू हाती लागला नाही. चाचणी चुकली होती की रोग दडला होता, याचे उत्तर त्याच्याबरोबर गेले.

मग केंद्र सरकारने काय केले? २०१३ मध्ये जनावरांचा माग ठेवण्याचा देशव्यापी नियम अमलात आला. राज्याबाहेर जाणाऱ्या जनावराला अधिकृत ओळख आणि प्रमाणपत्र हवे, असे त्यात ठरले. गाई, गवे, घोडे, कोंबड्या, मेंढ्या, शेळ्या, डुकरे, पाळीव हरणे ही सगळी त्या यादीत आहेत. लामा आणि अल्पाका नाहीत. आयातीच्या वेळी जो गाईबरोबर मोजला गेला तो देशांतर्गत प्रवासाच्या वेळी यादीतून गळला आणि एकेका राज्याच्या मर्जीवर राहिला. त्या मर्जीत राज्याची जुनी दुखणी दिसतात. फ्लोरिडात आजही जनावर नेणाऱ्या प्रत्येक गाडीला महामार्गावरच्या कृषी नाक्यावर थांबावे लागते. पश्चिमेकडे तोंडात-खुरांत फोड आणणाऱ्या आणि लाळ्या-खुरकुतासारख्या दिसणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसची साथ आली की शेजारची राज्ये प्रमाणपत्रावर एक ओळ वाढवून मागतात. असे नाके आपल्याला परके नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा सगळा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला होता आणि गुरांचे बाजार ओस पडले होते.

याच काळात अल्पाकांमध्ये खरोखर पसरणारा रोग वेगळाच होता. गाईंतला बीव्हीडी हा अतिसाराचा विषाणू. मादी गाभण असताना तिला तो लागला तर होणारे पिल्लू जन्मापासून विषाणू सोबत घेऊन येते आणि मरेपर्यंत तो सांडत राहते. हे २००५ च्या सुमारास पैदासदारांच्या ध्यानात येऊ लागले. अल्पाकाची मादी व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फळते. तिला चांगल्या नराकडे, बहुधा परराज्यातल्या फार्मवर, धाडायची रीत आहे आणि तान्हे पिल्लू आईबरोबर जाणारच. तिथे दहा ठिकाणच्या गाभण माद्या एकत्र येतात. आईचा कागद चोख असे, पिल्लू अंगापिंडाने थोडे बारीक एवढेच. कागद क्षयाविषयी विचारत होता. या पिल्लाविषयी विचारणारा रकाना त्यात नव्हता, म्हणून पैदासदारांनी स्वतःच्या खर्चाने चाचण्या सुरू केल्या आणि काही प्रदर्शनांत त्या सक्तीच्या केल्या. संगिनींच्या पहाऱ्यात सरकारची सुई सोसावी लागलेल्या आयोवाच्या शेतकऱ्यांशेजारी हे ठेवून पाहावे. जनावर महाग असले आणि रोग स्वतःच्या कळपाला लागणारा असला की चाचणीला पहारा लागत नाही.

एका बाबतीत मात्र पैदासदारांचे कागदही कामाला येत नाहीत. पूर्वेकडच्या राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूच्या आवरणात एक बारीक जंत असतो. हरणाला त्याचा काही त्रास होत नाही. त्याच्या लेंडीतून जंताची अळी गोगलगाईत जाते, गोगलगाय गवताबरोबर लामाच्या पोटात, आणि तिथून अळी वाट चुकून मज्जारज्जूत शिरते. लामाचे मागचे पाय लटपटतात, मग तो उठेनासा होतो. कोरड्या पश्चिमेत वाढलेला लामा ओरेगॉनहून ओहायोला जातो तेव्हा त्याची तपासणी होते ती ओहायोच्या गाईंना त्याच्यापासून धोका नाही ना, एवढ्यासाठी. तिथल्या कुरणात त्याच्यासाठी काय आहे, हे त्याच्या मालकाला शेजारी सांगतो. हरणे येणाऱ्या कोपऱ्यात कुंपण घाल, ओलसर जागी बदके सोड, ती गोगलगाई खातात, आणि महिन्याच्या महिन्याला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दे. हा रोग एका लामाकडून दुसऱ्या लामाला लागत नाही, त्यामुळे कुठल्याही राज्याच्या अर्जात त्याच्यासाठी ओळ नाही.